कुंदाताईंचा भात

कुंदाताई देवस्थळी रोज दुपारी चारशे पोरांना भात वाढत आणि स्वतः त्यातलं एक शीतही तोंडात घालत नसत. चारशे हा आकडा मी संकोचून सांगतोय. सेंदाईतल्या आमच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये भाताची रांग दारातून बाहेर पडायची, सायकलींना वळसा घालायची आणि तिचं शेपूट, माझ्या अंदाजाने, पुढच्या सबवे स्टेशनात असायचं. रांगेच्या तोंडाशी, वाफेच्या ढगात, पावणेपाच फुटांच्या कुंदाताई. डोक्याला पांढरी टोपी, तोंडाला मास्क, हातात लाकडी भातवाढणी. भात तीन मापांत मिळे: लहान, मध्यम, मोठा. मोठ्याला जपानीत ओओमोरी म्हणतात. इतर बायकांची ओओमोरी म्हणजे टेकडी. ताईंची ओओमोरी म्हणजे सह्याद्री. पलीकडे बसलेला मित्र दिसायचा नाही.

मी पुण्याहून पोस्टडॉक म्हणून आलो, त्या पहिल्या दुपारी रात्रभर पाठ केलेलं जपानी वाक्य काउंटरवर येताच विसरलो. "च्यायला," मी पुटपुटलो आणि कसाबसा म्हणालो, "लहान द्या."

मास्कच्या आडून शुद्ध रत्नागिरी आवाज आला, "लहान? आजारी आहेस का रे?"

तेव्हापासून मी त्यांचा. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, त्यामुळे मी "तुम्ही" म्हणायचो आणि त्या मला "मंद्या" म्हणायच्या. माझ्या मंदार या नावाचा असा उद्धार माझ्या आईनेसुद्धा केला नव्हता. त्यांचे यजमान देवस्थळी सर आमच्याच संस्थेत स्फटिकांवर काम करत. सर इतके अबोल की त्यांच्यापेक्षा स्फटिक जास्त बोलत असावेत. इथे आल्यावर ताई वर्षभर घराच्या भिंतींशी बोलल्या, मग भिंती कंटाळल्या, म्हणून त्यांनी कँटीनमध्ये बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं. रोजचे चार तास, क्रियापदं नसलेलं जपानी, आणि चारशे पोरांचे चेहरे वाचायची मोकळीक. "पेपर परत आला वाटतं तुझा," म्हणत त्या माझ्या वाडग्यावर एक थापी जास्त मारायच्या. आणि पेपर खरोखरच परत आलेला असायचा.

त्यांचं पहिलं प्रेम मात्र बास्केटबॉल. कॉलेजात असताना त्या संघात होत्या. या उंचीवर? असं विचारायची सोय नव्हती. "मी सगळ्यांच्या काखेखालून जायचे," त्या सांगत. "उंच माणसांना खाली बघायची सवय नसते." त्यामुळे आमच्या विद्यापीठाचा संघ जेवायला आला की ताईंची भातवाढणी हर्षाने उसळायची. त्यातही ओगावावर त्यांचा विशेष जीव. ओगावा संघातला सगळ्यात बुटका, पहिल्या वर्षाला होता तेव्हाही चेंडू त्याच्या हाताला चिकटवल्यासारखा असायचा, आणि ओओमोरी संपवून पुन्हा ओओमोरी घ्यायला यायचा. "काखेखालून जाणारा," ताई कौतुकाने म्हणायच्या.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आमच्या विद्यापीठाचं हाडवैर होतं नदीपलीकडच्या कॉलेजाशी. ओगावाच्या पहिल्या वर्षी विभागीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात ते समोर आले. ताईंनी आम्हा मराठी मंडळींना गोळा करून नेलं, म्हणजे सर, मी आणि वेफर्सची पिशवी. बसल्या बसल्या त्यांनी नियम सांगितला: आपलं चांगलं चाललेलं असताना कुणी जागेवरून हलायचं नाही. क्रिकेट बघणाऱ्या कुठल्याही मराठी घरातला हा नियम, तो त्यांनी विमानातून सोबत आणला होता. शेवटची काही सेकंदं उरली, आपण एका गुणाने मागे, आणि ओगावाला दोन फ्री थ्रो मिळाले. त्या क्षणी मी उठलो. का? बाहेरच्या यंत्रातून गरम कॉफीचा कॅन आणायला. दारात पोचतो तोवर आत पहिला फुकट गेला. कॅन खाली पडल्याचा आवाज झाला तेव्हा दुसरा.

परतलो तर ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेने कॉफी गार झाली.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत ओगावाच्या मागे उभा होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. त्याचे डोळे सुजलेले. तो म्हणाला, "लहान."

"काय?" ताईंचा हात हवेत थांबला.

"लहान. मोठा घ्यायचा मला अधिकार नाही."

मागची रांग खोळंबली. ताईंनी मास्क खाली ओढला. कँटीनच्या नियमात हा गुन्हा आहे, पण कुणाची बोलायची छाती झाली नाही. "चुकलास तर चुकलास, जेव आधी," हे त्या मराठीत म्हणाल्या. मग जपानीत, एकेक शब्द पाटावर मांडल्यासारखा मांडत: "तू खा. मोठा. मी नाही. तुम्ही त्यांना हरवाल. मग मी भात."

आपल्याकडे असं कुणीही बोलतं. मुलाच्या दहावीसाठी आई गोड सोडते, भाच्याच्या लग्नासाठी मावशी चप्पल सोडते. आणि घरात एखादी आत्या असतेच, ती पळवाट काढून देते. इथे आत्या नव्हती. समोर जपानी पोरगा होता. ओगावाने ट्रे खाली ठेवला, कमरेत काटकोन केला आणि म्हणाला, "समजलं." सह्याद्री घेऊन गेला आणि रडत रडत शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. संध्याकाळी संघाच्या खोलीतल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: कुंदा-सानना भात.

संपलं. ताईंना मागे फिरायला रस्ताच राहिला नाही.

त्यात बाई कोकणातली. भाताशिवाय कोकणी माणूस म्हणजे पाण्याशिवाय होडी. आणि ही होडी भातखाऊंच्या देशात नांगरलेली. पहिल्या आठवड्यात मी आत्याची भूमिका करून पाहिली. "ताई, पोहे चालतील की. पोहे म्हणजे काही भात नव्हे."

"पोहे कुणाचे?"

"तांदळाचे."

"मग? वंश तोच."

त्या न्यायाने घावणे गेले, कुरमुरे गेले, इडली गेली. गणपतीत त्यांनी एकवीस मोदक उकडले, आम्हाला बसवून खायला घातले आणि स्वतः साखरखोबरं खाल्लं. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, शिरल्या की प्रत्येक पाकिटाची पाठ वाचायच्या. जपानी लिपीतलं त्यांनी शिकलेलं पहिलं अक्षर तांदळाचं. ते आठ पाकळ्यांच्या फुलीसारखं दिसतं, आणि जपानमध्ये ते कुठे नसतं? बिस्किटात असतं, व्हिनेगरात असतं. साके तांदळाची असते असं कळल्यावर, आयुष्यात कधी न घेतलेली साकेही त्यांनी सोडली. कणीक तोक्योतल्या ओजिमाच्या भारतीय दुकानातून कुरिअरने यायची. ती इतकी यायची की कुरिअरवाल्याचा खांदा एका बाजूला कायमचा उतरला.

सरांची गोष्ट वेगळीच. बायको पोळी खात असताना समोर बसून भात खायचं त्यांना जमेना, आणि भात सोडायचंही जमेना. त्यांनी प्रयोगशाळेत, गाळणकागदांच्या कपाटामागे, एक छोटा राइस कुकर लपवला. दुपारी आमच्या मजल्यावर भाताचा वास सुटायचा आणि जपानी सहकारी सभ्यपणे खिडक्या उघडायचे. "घरी सांगू नकोस," एवढं एकच वाक्य सर माझ्याशी तीन वर्षांत न विचारता बोलले.

मी एकदा ताईंना म्हटलं, देवाला कौल लावू, नारळ देऊ, नवस मोडता येतो. त्या पोळी मोडता मोडता म्हणाल्या, "देवाशी बोलले असते तर त्याची समजूत घातली असती रे. हे पोराशी बोललेय."

दुसऱ्या वर्षी आमचा संघ त्याच कॉलेजाकडून वीस गुणांनी हरला. तिसऱ्या वर्षी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आतच बाहेर पडला. आणि मग आलं ओगावाचं चौथं, शेवटचं वर्ष. तो आता कप्तान, आणि उपांत्य फेरीत समोर पुन्हा नदीपलीकडचे. त्याच वर्षाअखेर, मार्चमध्ये, सरांचा करार संपणार होता आणि दोघं कायमचे गावी परतणार होते. म्हणजे हा सामना गेला की पुढचा नाही. नवस मात्र तसाच राहणार.

हे गमतीचं नाही, असं मला एका रविवारी कळलं. मी त्यांच्या घरी होतो आणि रत्नागिरीजवळच्या गावाहून त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. आजी पंच्याऐंशीच्या. पडद्यावर फक्त कपाळ आणि मागचं कौल दिसत होतं. "भात खाल्लास का गो?"

"पोट भरलंय आई," ताई म्हणाल्या.

"एप्रिलात ये. मऊ भात करून घालीन. तूप कढवून ठेवलंय."

फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं. "तीन वर्षं खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "पोट भरलेलंच असतं. पण पुढ्यात ताट येईल तेव्हा काय सांगू, मंद्या? आई, एका जपानी पोराचा बॉल गेला नाही म्हणून तुझा भात नको?"

सामन्याआधीचा तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. नदीपलीकडच्यांनी कुमागाई नावाचा नवा खेळाडू आणल्याची बातमी सोमवारी कँटीनमध्ये आली. उंची जवळपास दोन मीटर. मंगळवारी ती दोन मीटर पाच झाली. बुधवारी कळलं की झोपताना त्याचे पाय खिडकीबाहेर असतात आणि शेजारी त्यावर टॉवेल वाळत घालतात. गुरुवारपर्यंत तो नदी पुलावरून न जाता एका ढांगेत ओलांडू लागला होता. यातलं निम्मं मी पसरवलं होतं हे कबूल, पण परत माझ्याकडे येईपर्यंत मीही घाबरलो. ताई शांत. "उंच असेना का," म्हणाल्या. "माड काय बुटका असतो? नारळ काढतोच ना आपण."

शुक्रवारी संघातली सगळी पोरं रांगेत आली. सगळ्यांनी ओओमोरी घेतली, ताईंसमोर एका ओळीत उभी राहिली आणि वाकली. त्या दिवशीच्या सह्याद्रीला कळसूबाई होता.

त्याच दुपारी मी सरांच्या प्रयोगशाळेत गेलो. टेबलावर काचेचं एक मोठं चंचुपात्र आणि त्यात, तळाशी, देवघरातला चांदीचा गणपती. बाहेर जपानीत चिठ्ठी: प्रयोग चालू आहे, हात लावू नये.

"सर! देव पाण्यात ठेवलात?"

सर लाजले. "डिस्टिल्ड वॉटर आहे," म्हणाले. "डाग पडणार नाही."

शनिवारी सामना. जिम्नॅशियमच्या दाराशी बूट काढून पिशवीत घातले, सपाता चढवल्या, आणि आत पाहतो तो आमच्या बाजूला हा लांबलचक पांढरा कापडी फलक: कुंदा-सानना भात! ताईंनी पदराने, म्हणजे स्वेटरच्या बाहीने, डोळे टिपले. मग मला भिंतीकडच्या कोपऱ्यात बसवलं, माझा कोट स्वतःच्या बुडाखाली घेतला आणि माझ्या मफलरचं टोक बाकाच्या लोखंडाला गाठ मारून बांधलं. "आज हललास तर बघ."

आता, इथे सामन्याआधी एक रीत असते. काळा लांब कोट आणि पांढरे हातमोजे घातलेला चीअर पथकाचा प्रमुख उभा राहतो, ढोल वाजतो, आणि तो समोरच्या संघाला शुभेच्छा देतो. मग समोरचे आपल्याला. पहिल्या वर्षी ताईंना हे बघून भोवळ आली होती. "शत्रूला टाळ्या?" आता त्या सरावल्या होत्या. उठून, हसतमुखाने, तालात टाळ्या वाजवायच्या आणि प्रत्येक टाळीला मराठीत म्हणायच्या, "मेल्या, तुझा, चेंडू, गटारात." शेजारची जपानी म्हातारी त्यांना इतक्या गोड शुभेच्छांसाठी वाकून दाद द्यायची.

त्या दिवशी मात्र पलीकडच्या प्रमुखाने आमचा फलक वाचला आणि तो गोंधळला. त्याने माणूस पाठवला. माणूस चौकशी करून परत गेला. तिकडे कुजबूज पसरली, आणि पाचशे लोक एकाच वेळी माना वळवून कुंदाताईंकडे बघू लागले. बाई तीन वर्षं जेवलेली नाही, आमच्यामुळे! असा काहीसा निरोप गेला असावा. ताईंची तब्येत बघता त्यांना तो पटला नसावा. तरी त्यांच्या घोषणा जरा मऊ झाल्या, असं माझं प्रामाणिक मत आहे.

खेळ मऊ नव्हता. कुमागाई खरंच माड होता. मी बाटलीमागून बाटली हिरवा चहा पीत होतो आणि तिसऱ्या बाटलीनंतर माझ्या लक्षात आलं की मी फार मोठी चूक केली आहे. शेवटच्या पाच मिनिटांत आपण एका गुणाने पुढे गेलो, आणि माझ्या पोटाखाली सगळी हिरोसे नदी येऊन थांबली.

"ताई, मला जाऊन यायला हवं."

"आपण पुढे आहोत."

"ताई, अगदी—"

"मंद्या. भात."

मी पायावर पाय दाबून बसलो. मोक्ष मिळवणाऱ्यांनी यापेक्षा जास्त संयम केला असेल असं मला वाटत नाही.

चार सेकंदं उरली. एकच गुण पुढे. आणि ओगावाला दोन फ्री थ्रो. तीच जागा. तोच पोरगा. तो आमच्या फलकाकडे बघत होता. ताईंनी हात वर केला आणि बोटं तोंडाकडे नेली, जेव अशी खूण. पहिला फेकला. कडीवर आपटला, बाहेर. दुसरा फेकला.

तोही गेला नाही.

तुम्हाला वाटलं असेल की मी तो आत घालीन. मीही तेव्हा देवाला तेच सांगत होतो. पण चेंडू कडीवरून उडाला आणि माडाने वरच्या वर झेलला. आता माड तो पुढे फेकणार आणि सगळं संपणार. त्याने दोन्ही हात छातीशी आणले, मान वर करून आपला माणूस शोधला, आणि त्याच्या काखेखालून पावणेसहा फुटांचा ओगावा आला. कधी आला, कुठून आला, त्यालाही माहीत नसेल. त्याने खालून चेंडूला टप्पल मारली. चेंडू घरंगळत मैदानाच्या मध्यावर गेला, सगळे त्यावर पडले, आणि भोंगा वाजला.

ओरडा उशिरा आला. आधी नुसता सुस्कारा होता, शेकडो माणसांचा. सरांनी डोळे मिटले होते ते उघडून विचारलं, "काय झालं?" ताईंनी वाकून शांतपणे माझ्या मफलरची गाठ सोडली. "जा," म्हणाल्या. मी कसा गेलो ते सांगत नाही. वाटेत दोन संघ आणि एक ढोल ओलांडला, एवढंच.

परत आलो तर पलीकडचा माड आमच्या बाकासमोर उभा होता. जवळून पाहिला तर एकोणीस वर्षांचं, मुरुमं असलेलं, भेदरलेलं पोर. त्याने पायरीवर गुडघे टेकले, तरी तो ताईंच्या उंचीचाच राहिला. दोन्ही हातांत कोम्बिनीतला भाताचा त्रिकोणी गोळा. "खूप त्रास झाला तुम्हाला," तो म्हणाला. "माफ करा."

मघाच्या सगळ्या शिव्या ताईंच्या तोंडावर उमटल्या आणि विरल्या. त्यांनी तो गोळा घेतला, त्याच्या गालावरून हात फिरवला. मग वळून सरांच्या हातात दिला. "घ्या. माझा पहिला भात ओगावाकडचा, ठरलंय. तुम्ही खा, माझ्यासमोर. किती दिवस गाळणकागदाच्या मागे लपून खाणार?"

सर पांढरे पडले. "तुला माहीत होतं?"

"शर्टाला भाताचा वास येतो हो तुमच्या. तीन वर्षं तोच हुंगत होते."

सरांनी गोळा खाल्ला. दोन घास झाल्यावर म्हणाले, "बाप्पाला पाण्यातून काढायला हवं," आणि त्यांना रडू आलं की ठसका लागला ते मला नीट कळलं नाही.

सोमवारी कँटीनमध्ये काउंटरच्या आत ओगावा होता. टोपी, मास्क, एप्रन, हातात ताईंची भातवाढणी. बाहेर, रांगेत, ट्रे घेऊन ताई. त्याच्या चेहऱ्यावर अजून तो दुसरा फ्री थ्रो होता. "आत नाही गेला, कुंदा-सान," तो हळूच म्हणाला. "दोन्ही नाही गेले."

"मग काय झालं," ताई म्हणाल्या. हे त्यांनी मराठीतच सांगितलं आणि मला जपानी करायला लावलं, म्हणून शब्दाला शब्द आठवतं: "चेंडू आत जाणं आपल्या हातात नसतं. धावणं असतं. आणि जेवणं असतं. वाढ आता, लोक थांबलेत."

"किती?"

"लहान म्हणू का?"

तो हसला. तीन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्याने जी थापी मारायला सुरुवात केली! सह्याद्री मागे पडला. ताईंनी पहिला घास घेतला, नुसता, वर काही न घालता, आणि डोळे मिटून इतका वेळ चावला की मागचा एक जण दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात गेला.

मार्चमध्ये ते दोघे गेले. संघ स्टेशनवर आला होता. ताईंनी प्रत्येकाला वाकायला लावून डोक्यावरून हात फिरवला. मला म्हणाल्या, "मंद्या, पेपर येतात नि परत जातात. ओओमोरी सोडू नकोस."

एप्रिलात एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. यावेळी आजींचं कपाळ नव्हतं, हात होता, सुरकुतलेला, पातेल्यातून मऊ भात काढणारा. ताईंच्या ताटात एक ढीग झाला होता, त्यावर तुपाची धार. "अजून वाढू गो?" आजींनी विचारलं. ताईंच्या तोंडात घास होता. त्यांनी फक्त मान हलवली आणि पडद्यातून माझ्याकडे बघत डोळा मारला.

तेव्हा आजीच माझ्याकडे वळल्या, भातवाढणी वर धरून, आणि पाहुण्याला सांगावं तशा म्हणाल्या, "हिला ओओमोरी लागते हो."